जॅग्वार मार्क २ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार दारं, पाच जणांची ऐसपैस जागा, डिकीत घरच्यांचं सामान आणि बोनेटखाली ले मान्सची, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची, शर्यत जिंकलेल्या घराण्यातलं इंजिन. १९५९ साली असं समीकरण मांडणारी गाडी जगात जवळजवळ नव्हतीच. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा विषय निघाला की मार्क २ येतेच, आणि तेच तेच प्रश्नही येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत, तेवढं चालवून घ्या.

ही नेमकी कोणती गाडी?

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या ब्राउन्स लेन कारखान्यात ऑक्टोबर १९५९ पासून १९६७ पर्यंत तयार झालेली, मध्यम आकाराची चार दारी जॅग्वार. ब्रिटिश लोक हिला स्पोर्ट्स सलून म्हणतात. आपल्या भाषेत दणकट इंजिनाची सेडान. २.४, ३.४ आणि ३.८ लिटर अशा तीन इंजिनांत ती मिळायची. पुढे तिचीच थोडी साधी केलेली रूपं २४० आणि ३४० या नावांनी १९६९ पर्यंत चालली.

मार्क ७, ८ आणि ९ आधी आल्या. मग १९५९ मध्ये मार्क २ कशी?

जॅग्वारच्या दोन वेगळ्या रांगा होत्या. मोठ्या, पोट सुटलेल्या सलून गाड्यांची एक रांग. तिच्यात १९५८ ची मार्क ९ आणि १९६१ ची मार्क १० येतात. दुसरी लहान गाडीची. ती १९५५ साली आली तेव्हा तिला मार्क वगैरे काही नव्हतं, नुसतं ‘२.४ लिटर’ म्हणायचे. चार वर्षांनी सुधारित गाडीला ‘मार्क २’ नाव दिलं, तेव्हा कुठे आधीचीला लोक मागाहून मार्क १ म्हणायला लागले. मोठ्या गाड्यांना कंपनी रोमन आकडे लावायची, हिला साधा २.

विल्यम लायन्स यांचा या गाडीशी संबंध किती?

कंपनीच त्यांची. १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये विल्यम वॉम्सली यांच्यासोबत त्यांनी मोटारसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. १९२८ मध्ये बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हललं, १९३५ मध्ये एका मॉडेलला जॅग्वार हे नाव मिळालं, आणि १९४५ साली कंपनीनेही तेच नाव घेतलं. तोवर कंपनीच्या नावात ‘एसएस’ ही अक्षरं होती. युद्धानंतर हिटलरच्या त्या दलाची आठवण करून देणारं नाव घेऊन गाड्या विकणं शक्यच नव्हतं.

लायन्स इंजिनियर नव्हते आणि चित्रकारही नव्हते. गाडीचा आकार ते कागदावर ठरवत नसत. पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांना शेजारी उभं करून पूर्ण मापाचं धूड तयार करून घ्यायचे, मग ते आपल्या वॉपेनबरी हॉल या घरी नेऊन, मोकळ्या उजेडात लांबून-जवळून बघायचे, आणि ही रेघ खाली घ्या, तो फुगवटा कमी करा असं सांगायचे. मार्क २ कडे बाजूने बघा. छपराची कमान मागे उतरत उतरत डिकीत विरघळते, मागच्या चाकावरचा पत्रा अर्धं चाक झाकतो. ही रेघ डोळ्याने जुळवलेली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लायन्स पक्के हिशोबी होते. पै-पैचा हिशोब ठेवणारा मालक ही या गाडीच्या जन्मकथेतली सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. तिचे गुण आणि दुखणी दोन्ही तिथूनच आली आहेत.

आधीच्या गाडीत काय कमी होतं?

१९५५ ची २.४ ही जॅग्वारची पहिली मोनोकॉक गाडी. म्हणजे खाली वेगळी चासी आणि वर बॉडी असा प्रकार नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. कंपनीला या कामाचा अनुभव नव्हता, त्यामुळे भीतीपोटी छपराचे खांब जाडजूड ठेवले आणि काचा बारक्या झाल्या. आत बसलं की किल्ल्यातल्या झरोक्यातून बघितल्यासारखं वाटायचं.

शिवाय मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा चांगलंच कमी होतं. मागून बघितलं तर गाडी पायात पाय घालून उभी असल्यासारखी दिसते. १९५७ मध्ये ३.४ लिटरचं ताकदवान इंजिन बसवल्यावर हे नुसतं दिसण्यापुरतं उरलं नाही. सुरुवातीला ब्रेकही ड्रमचेच होते; डिस्क ब्रेक नंतर आले.

मार्क २ मध्ये हे सगळं एकेक करून निस्तरलं. खांब बारीक केले, काचेचं क्षेत्र सुमारे १८ टक्क्यांनी वाढवलं, मागच्या चाकांमधलं अंतर सव्वातीन इंचांनी वाढवलं, चारही चाकांना डनलपचे डिस्क ब्रेक दिले. वेग आणि इंजिनाचे फेरे दाखवणारी दोन मोठी घड्याळं डॅशबोर्डच्या मधोमध होती, ती चालकासमोर आणली. नवी गाडी काढायला लागला असता त्याच्या थोड्या अंशात हे सगळं झालं. मला तर मार्क २ चं हेच सगळ्यात मोठं कौतुक वाटतं.

माइक हॉथॉर्न यांचा अपघात मार्क २ मध्ये झाला का?

नाही, आधीच्या ३.४ मध्ये. हॉथॉर्न १९५८ चे फॉर्म्युला वन जगज्जेते, हा मान मिळवणारे पहिले ब्रिटिश. १९५५ ची ले मान्स शर्यतही त्यांनी जॅग्वारमधून जिंकली होती. जगज्जेतेपदानंतर त्यांनी शर्यती सोडल्या आणि २२ जानेवारी १९५९ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, गिल्डफर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर त्यांची गाडी घसरून ते गेले. रॉब वॉकर हे खासगी रेसिंग संघाचे मालक त्याच रस्त्यावर मर्सिडीज ३०० एसएल चालवत होते. अपघाताचं कारण पक्कं ठरलं नाही, त्यामुळे अरुंद मागच्या चाकांवर खापर फोडून मोकळं होणं बरोबर नाही. मार्क २ त्यानंतर नऊ महिन्यांनी आली एवढंच. तिचं काम त्याआधीच बरंच पुढे गेलेलं होतं.

एक्सके इंजिनाचं एवढं कौतुक कशासाठी?

मार्क २ च्या बोनेटखालचं इंजिन ते हेच, आणि कौतुक करावं असंच आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत होते. कारखान्याला आग लागली तर लगेच विझवता यावी म्हणून कंपनीतल्या लोकांना रात्री पहाऱ्याची पाळी करावी लागे. लायन्स, मुख्य इंजिनियर विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी आपली पाळी एकत्र लावून घेतली, आणि त्या रात्रींमध्ये युद्धानंतरच्या इंजिनावर चर्चा झडल्या. हेडचं काम हॅरी वेस्लेक यांनी बघितलं.

सहा सिलिंडर एका ओळीत, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, वर दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे), क्रँकशाफ्टला सात बेअरिंग. वर दोन कॅमशाफ्ट म्हणजे तेव्हा शर्यतीच्या किंवा फार महागड्या गाड्यांची मिरास. रोजच्या गाडीत असलं काही कुणी घालत नसे. इंजिन दिसायलाही देखणं हवं हा लायन्स यांचा हट्ट होता, म्हणून कॅमवरची झाकणं चकचकीत पॉलिश केलेली. १९४८ साली ते एक्सके १२० या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं. याच इंजिनावर जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा ले मान्स मारली. त्याचाच ४.२ लिटरचा अवतार पुढे ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यात गेला, आणि डेमलर या ब्रिटिश कंपनीच्या लिमोझिनमध्ये तर १९९२ पर्यंत टिकला.

मेकॅनिकला चकवणारी एक गंमत: या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर मागे, म्हणजे चालकाच्या बाजूला असतो. बहुतेक गाड्यांत तो रेडिएटरकडून मोजतात. प्लगच्या वायरी बदलताना हे माहीत नसेल तर इंजिन खोकत राहतं आणि माणूस कार्बोरेटर खोलून बसतो.

२.४, ३.४ आणि ३.८ यांत काय फरक? घ्यायची तर कोणती?

तिन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. २.४ मध्ये पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जायचं अंतर, १०६ मिलिमीटरऐवजी ७६.५ आहे. तिची ताकद १२० अश्वशक्ती, ३.४ ची २१० आणि ३.८ ची २२०. हे कंपनीने सांगितलेले आकडे, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे जरा सढळ हाताने सांगितलेले.

३.८ म्हणजे ताशी १२५ मैल, साधारण २०० किलोमीटर. थांबलेल्या गाडीने ६० मैलांचा वेग साडेआठ सेकंदांच्या आसपास गाठायचा. दीड टनाच्या कौटुंबिक गाडीने १९५९ साली हे करावं म्हणजे कमालच. मागच्या चाकांची ताकद वाटून देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियलही तिला मुळातच मिळायचा. २.४ मात्र मार्क २ च्या वाढलेल्या वजनाखाली दमते. शंभर मैलांच्या आतच तिचा श्वास संपतो. दिसायला तीच गाडी, चालवायला वेगळी.

सगळे ३.८ च्या मागे असतात आणि किंमतही तशीच असते. माझं मत ३.४ ला. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोड) असलेली ३.४ मिळाली तर ३.८ च्या त्या दहा अश्वशक्तींची आठवणही येत नाही. फक्त १९६५ आधीच्या गाडीत पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो अलगद पडत नाही, हे लक्षात ठेवा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलात तर सगळा रस्ता वळून बघेल. ऑटोमॅटिकही मिळायची आणि खपायचीही भरपूर, पण ती गाडीचा निम्मा जीव काढून घेते.

आत काय आहे?

लाकूड आणि कातडं. दारांच्या कडांवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा बसवलेला, डॅशबोर्डही त्याचाच. पुढच्या सीटच्या पाठीला मागच्यांसाठी घडीचं छोटं टेबल, चहाचा कप ठेवण्यापुरतं.

मधल्या पट्टीवर टॉगल बटनांची एक रांग आहे, विमानाच्या कॉकपिटसारखी. किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाही. किल्लीने विद्युतप्रवाह चालू करायचा आणि स्टार्टचं वेगळं काळं बटन दाबायचं. त्याच पट्टीच्या वरचे दोन स्क्रू बोटांनी सैल केले की मधला सगळा डॅशबोर्ड बिजागरीवर पुढे खाली येतो, आणि मागच्या सगळ्या वायरी व फ्यूज समोर उघडे पडतात. ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, पेट्रोल, चार्जिंग, सगळ्या घड्याळांच्या पाठी एका नजरेत. हल्लीच्या गाडीत एक बल्ब बदलायला अर्धा बंपर काढावा लागतो, ती बनवणाऱ्यांनी हे बघावं.

एवढं सगळं देऊन ती स्वस्त कशी होती?

३.८ ची ब्रिटनमधली किंमत करासकट १,८०० पौंडांच्या आसपास होती. ॲस्टन मार्टिन डीबी ४ त्याच काळात चार हजारांच्या घरात. वेगात फार मोठा फरक नाही, आणि जॅग्वारमध्ये मागे तिघं आरामात बसतात.

उत्तर पुन्हा लायन्स यांच्या हिशोबात. एकच इंजिन सगळ्या गाड्यांत. नवीन गाडी काढण्याऐवजी जुनी सुधारायची. बॉडीचा पत्रा बाहेरच्या प्रेस्ड स्टील कंपनीकडून. जाहिरातींवर बेताचा खर्च, कारण ले मान्सची बातमी फुकटच छापून यायची. डोळ्यांना दिसेल तिथे सढळ हात, दिसत नाही तिथे आखडता. सीटला कातडं आहे, पण सांध्यांमध्ये गंज रोखणारा लेप नाही. १९६६ मध्ये विक्री उतरू लागली तेव्हा कातडंही गेलं, त्याजागी रेक्झिनसारखं ॲम्बला नावाचं कापड आलं, आणि ती चहाची टेबलंही काढून घेतली.

पोलीस आणि दरोडेखोर दोघंही हीच गाडी वापरायचे, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याला कारणही सरळ आहे. ब्रिटनचा एम १ महामार्ग नोव्हेंबर १९५९ मध्ये खुला झाला, मार्क २ बाजारात आल्यावर महिन्याभरात. त्यावर वेगमर्यादाच नव्हती. ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली. म्हणजे सहा वर्षं ज्याची गाडी पळेल त्याचा रस्ता. पोलिसांना पाठलागासाठी चार जण बसतील, वेगात जाईल आणि खात्याच्या पैशात बसेल अशी गाडी हवी होती. दरोडा घालून पसार होणाऱ्यांच्या गरजाही नेमक्या त्याच, फक्त त्यांना पैशाची चिंता नव्हती, कारण गाडी चोरीचीच असायची. चोराने मार्क २ आणली म्हणून पोलिसांनी मार्क २ घेतली, की उलटं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

या ख्यातीमुळे गाडीला एक चमत्कारिक सामाजिक जागा मिळाली. डॉक्टर, वकील, कारखानदार ती घ्यायचेच, पण नाइट क्लबचा मालक आणि सट्टेबाजही घ्यायचा. खानदानी लोक जॅग्वारकडे जरा नाक मुरडूनच बघत.

शर्यतींत तिने काय केलं?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या सलून गाड्यांच्या शर्यती म्हणजे मार्क २ ची आपसातली मारामारी. ग्रॅहम हिल, रॉय साल्वादोरी, माइक पार्क्स, स्टर्लिंग मॉस अशी माणसं ती चालवत. गाड्या जॉन कूम्ब्स आणि टॉमी सॉपविथ यांच्या संघांच्या असत. गाडी वळणावर इतकी कलायची की आतलं पुढचं चाक हवेत जायचं, आणि प्रेक्षक त्यासाठीच यायचे.

फ्रान्समध्ये तूर द फ्रान्स ऑटोमोबिल ही अनेक दिवस चालणारी स्पर्धा असे, रस्ता, घाट आणि सर्किट सगळं एकत्र. तिथला टूरिंग गट बर्नार कॉन्स्टेन यांनी मार्क २ मधून १९६० ते १९६३ सलग चार वर्षं जिंकला. १९६३ मध्ये युरोपियन टूरिंग कार स्पर्धा पहिल्यांदा झाली, तिचं विजेतेपद जर्मनीच्या पीटर नोकर यांना मार्क २ मध्येच मिळालं. ऑस्ट्रेलियात बॉब जेन यांनी १९६२ आणि १९६३ चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

शेवटाची चाहूल मे १९६१ मध्येच लागली होती. डॅन गर्नी नावाचा अमेरिकन सिल्व्हरस्टोनला ६.७ लिटरची भलीमोठी शेव्हरले इम्पाला घेऊन आला आणि सगळ्या जॅग्वारना मागे टाकून निघून गेला. त्याचं चाक तुटलं म्हणून जॅग्वारची अब्रू राहिली. १९६३ मध्ये जॅक सिअर्स सात लिटरची फोर्ड गॅलॅक्सी घेऊन आले. तिचं चाक काही तुटलं नाही.

डेमलरचं नाव असलेली मार्क २ दिसते, ती काय भानगड?

१९६० मध्ये जॅग्वारने मोटारसायकली बनवणाऱ्या बीएसए समूहाकडून डेमलर विकत घेतली, मुख्यतः कारखान्याच्या जागेसाठी. सोबत एडवर्ड टर्नर यांनी घडवलेलं अडीच लिटरचं व्ही ८ इंजिन आयतं मिळालं. टर्नर हे मोटारसायकलींच्या दुनियेतलं मोठं नाव. लायन्स यांनी ते इंजिन मार्क २ च्या पत्र्यात बसवलं, पुढच्या जाळीवर डेमलरच्या खाचा दिल्या आणि १९६२ मध्ये नवी गाडी उभी केली. १४० अश्वशक्ती, पण इंजिन हलकं असल्यामुळे नाक हलकं, आणि आवाज मखमली. अशा सुमारे साडेसतरा हजार बनल्या. २.४ घेणाऱ्याने आधी ही चालवून बघावी.

टीव्हीवरच्या इन्स्पेक्टर मोर्सची गाडी हीच ना?

हीच, आणि तीही २.४. मोर्स हा मूळचा ब्रिटिश रहस्यकथांतला पोलीस अधिकारी. त्या कादंबऱ्यांत सुरुवातीला त्याच्याकडे लान्सिया होती. १९८७ मध्ये मालिका सुरू झाल्यावर जॅग्वार आली आणि मग पुस्तकांनाही तीच लागू झाली. मार्क २ च्या किमतींना त्या मालिकेने बराच हातभार लावला.

बंद का केली? एकूण किती बनल्या?

थकली होती. मागचा एक्सल सलग दांड्याचा आणि कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला, तोवर जॅग्वारच्याच ई-टाइप या स्पोर्ट्स कारला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. १९६३ च्या एस-टाइपमध्ये ते मार्क २ च्या शरीरात घालून बघितलं. चालायला छान, पण डिकी लांबवल्यामुळे पाठीमागून ती बेढब दिसते. मग ४२० आली. सप्टेंबर १९६८ मध्ये एक्सजे ६ ही नवी सेडान आली आणि या सगळ्या भाऊबंदांची गरज संपली.

१९५९ ते १९६७ या काळात सुमारे ८४ हजार मार्क २ तयार झाल्या, त्यातल्या ३० हजारांच्या आसपास ३.८. आधीच्या मार्क १ साधारण ३७ हजार.

टाटांचा आणि या गाडीचा काही संबंध?

गाडीशी नाही, नावाशी आहे. जॅग्वार १९६६ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या मोठ्या मोटार समूहाच्या गोंधळात सापडली, १९८४ मध्ये सुटली आणि १९८९ मध्ये फोर्डकडे गेली. २००८ साली फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरला टाटा मोटर्सने घेतल्या. म्हणजे कॉव्हेंट्रीच्या या कंपनीची मालकी आता मुंबईत आहे, आणि पुढे पुण्यातही जॅग्वार जोडल्या गेल्या. ब्राउन्स लेनमध्ये मात्र गाड्यांचं काम २००५ मध्येच थांबलं.

महाराष्ट्रात एखादी ठेवायची तर कागदपत्रांचं काय?

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००. मार्क २ चं सगळं उत्पादन या वयात बसतं. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्याचीच मुभा आहे.

घेताना काय तपासायचं?

इंजिन शेवटी बघा. आधी चुंबक आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. दारांखालच्या सिल, जॅक लावायच्या जागा, पुढच्या आडव्या बीमची टोकं, दिव्यांभोवतीचे मडगार्ड, स्टेपनीचा खळगा, आणि सगळ्यात आधी मागच्या कमानपाट्यांच्या व पॅनहार्ड रॉडच्या (एक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांडीच्या) बैठका. मोनोकॉक गाडीत तो पत्रा कुजला की गाडीच कुजली. वर रंग चढवून, लांबी (पुटी) भरून सजवलेली गाडी लांबून फारच सुंदर दिसते, म्हणून चुंबक.

इंजिन गरम झाल्यावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ऑइल प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास असावं. समोरून साखळीचा खडखडाट आला तर टायमिंग चेनचा खर्च धरा. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेलाचे थेंब पडतातच, त्याला घाबरू नका. धार लागली असेल तर घाबरा. आपल्या उन्हात रेडिएटर आतून साफ असणं गरजेचं आहे, ब्लॉकमध्ये गाळ साचलेला असेल तर नवा रेडिएटरही काही करू शकत नाही.

सुटे भाग ब्रिटनमधून जवळजवळ सगळे मिळतात, पत्र्याचे नवे तुकडेसुद्धा. फक्त आपल्या मिस्त्रीकडे इंची पान्यांचा पूर्ण संच आहे का ते आधी विचारा. मेट्रिक पाना ‘बसतोय जवळजवळ’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच.